एक झालेलं, एक चालू, एक पुढचं

काकूंच्या टेबलावर नेहमी तीन पुस्तकं असतात. उजवीकडे वाचून झालेलं, मध्ये चालू असलेलं आणि डावीकडे पुढचं. झालेलं पुस्तक लगेच कपाटात जात नाही, कारण त्याचं ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून तपासायचं असतं आणि एखाद्या ओळीबद्दल शंका आली की छापील पान उघडावं लागतं. सध्या उजवीकडे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहे, मध्ये व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणि डावीकडे सतीश काळसेकरांची ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’. यातलं एकही पुस्तक काकूंनी स्वतःसाठी निवडलेलं नाही. तिन्ही पुस्तकं कुणीतरी मागितलेली आहेत, आणि मागणाऱ्यांना ती डोळ्यांनी वाचता येत नाहीत.

काकू सांगलीच्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून नोकरी झाली. ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट बघायचे ते दिवस त्यांनी हेडफोन लावून काढले. खरखरणाऱ्या लाइनवर पलीकडच्याला आकडा नीट कळला पाहिजे, पाच आणि पाचशे यांत घोटाळा होता कामा नये, समोरचा कितीही चिडला तरी आपला आवाज चढता कामा नये, ही शिस्त तिथे अंगात मुरली. निवृत्तीनंतर दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या एका स्थानिक गटानं विचारलं, आमच्यासाठी पुस्तकं वाचाल का? काकूंनी एक प्रकरण वाचून पाठवलं आणि तेव्हापासून हे काम सुरू आहे. ऐकणारे कॉलेजातली मुलं आहेत, बँकेतले कर्मचारी आहेत, एक संगीतशिक्षक आहेत, काही आजीआजोबा आहेत. वयानं मोठे असोत की लहान, सगळेच त्यांना काकू म्हणतात.

‘स्मृतिचित्रे’ची मागणी एका आजींची होती. मधुमेहानं दृष्टी गेलेली, तरुणपणी हे पुस्तक वाचलेलं, आता पुन्हा ऐकायचं होतं. 1934 पासून भागाभागानं प्रसिद्ध झालेलं हे आत्मचरित्र मोठ्यानं वाचायला घेतल्यावर काकूंना एक गोष्ट प्रकर्षानं जाणवली. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, अक्षरओळख लग्नानंतर रेव्हरंड टिळकांनी करून दिली. म्हणून की काय, त्यांचं वाक्य मुळात सांगण्यासाठीच घडलेलं असतं. श्वास संपतो तिथेच ते थांबतं. कित्येक मोठ्या लेखकांचं गद्य वाचताना मधेच दम लागतो, क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरायला होतो. इथे तसं एकदाही झालं नाही. मराठी गद्य कसं असावं हे कुणाला शिकवायचं असेल, तर ‘स्मृतिचित्रे’ची वीस पानं मोठ्यानं वाचायला लावावीत, असं काकू अगदी मनापासून सांगतात.

या पुस्तकात कसोटी लागते ती विनोदाची. वडिलांचं सोवळ्याचं वेड, बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत गेलेलं, लक्ष्मीबाई सहज सांगून जातात. वाचणाऱ्याला हसू आलं की आवाजात ते उतरतं, आणि मग ऐकणाऱ्याच्या आधी वाचणाराच हसून मोकळा होतो. काकू अशी पानं आधी दोनदा-तीनदा वाचून काढतात, हसू ओसरू देतात आणि मग माइकसमोर बसतात. उलट बाजूही आहे. 1895 मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यानंतरची काही वर्षं लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. ती प्रकरणं वाचताना गळा दाटून येतो. पण लिहिणाऱ्या बाईनं स्वतः तिथे रडणं टाळलेलं असताना वाचणाऱ्यानं रडू नये, एवढं तारतम्य त्यांनी पाळलं.

या बाबतीत ऐकणाऱ्यांचं मत स्पष्ट असतं. बहुतेक जण ध्वनिमुद्रण दीडपट, दुप्पट वेगानं ऐकतात. कान तयार झालेले असतात. अभिनय करून, लांबवून, उसासे टाकून वाचलेलं त्या वेगात विचित्र वाटतं. एका श्रोत्यानं काकूंना सुरुवातीलाच सांगितलं होतं, “काकू, नाटक मी नाटकात ऐकतो. तुम्ही पुस्तक वाचा. रंग मी भरतो.” डोळस वाचकाला पानावर जे मिळतं तेवढंच ऐकणाऱ्याला मिळावं, त्याहून कमी नको आणि जास्तही नको. वाचणाऱ्यानं अर्थ लावून दिला, तर पुस्तक आणि वाचक यांच्यामध्ये एक तिसरा माणूस येऊन बसतो.

आता मधलं पुस्तक. ‘बनगरवाडी’ 1955 ची, आकारानं लहान. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर आलेला तरुण मास्तर, वाडीचा कारभारी, आयबू, अंजी, शेकू, तालीम बांधण्याचा घाट आणि शेवटी दुष्काळानं रिकामी होणारी वाडी. बारावीत शिकणाऱ्या एका मुलीनं ती मागितली. तिच्या वडिलांनी अमोल पालेकरांचा 1995 चा चित्रपट पाहिलेला, घरात त्यावर बोलणं निघालं आणि तिला मूळ पुस्तक हवं झालं. काकूंचं माहेर आटपाडीकडचं, म्हणजे माडगूळकरांचं माडगूळ ज्या तालुक्यात आहे तिथलंच. त्यामुळे ही बोली त्यांनी लहानपणी अंगणात ऐकलेली. तरी तयारी चुकत नाही.

तयारी म्हणजे पेन्सिल घेऊन अख्खं पुस्तक एकदा मुकाट्यानं वाचायचं. कुठे श्वास घ्यायचा तिथे उभी रेघ. कोण बोलतंय हे लगेच कळत नसेल तिथे समासात नावाचं पहिलं अक्षर. छापील पानावर अवतरणचिन्ह असतं, परिच्छेद बदलतो, डोळ्याला कळतं की आता दुसरा माणूस बोलतोय. कानाला अवतरणचिन्ह दिसत नाही. मग कारभाऱ्याचं बोलणं किंचित खालच्या पट्टीत, मास्तराचं मधल्या, असा फरक ठेवावा लागतो; तो इतका बारीक हवा की नक्कल वाटू नये आणि इतका ठाम हवा की दुप्पट वेगातही टिकावा. बोलीतल्या शब्दांना उगाच ठसका द्यायचा नाही, हेही त्यांचं पथ्य. शहरी माणूस गावाकडचं बोलणं वाचताना पुष्कळदा त्याची चेष्टा करतोय असं ऐकू येतं. धनगर आपल्या भाषेत साधं बोलत असतो. ते साधंच वाचायला हवं.

हे काम यंत्र का करत नाही, असं काकूंना बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. दृष्टिहीन माणसं आज मोबाइल आणि संगणक वापरतात ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जोरावर. एनव्हीडीए हे त्यातलं फुकट मिळणारं आणि भारतात सर्रास वापरलं जाणारं. त्याला मराठीही येतं. कामाची पत्रं, बातम्या, संदेश सगळं त्यावर चालतं. पण मराठी पुस्तकांचं घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच. वर्षानुवर्षं आपली पुस्तकं युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये जुळवली गेली. पडद्यावर सुबक देवनागरी दिसते, पण आत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरं आणि चिन्हांची भेसळ असते. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ती भेसळच वाचतं. त्याहून जुनी पुस्तकं स्कॅन केलेली, म्हणजे पानाचा निव्वळ फोटो. फोटोतून अक्षरं ओळखणारी साधनं आता खूप सुधारली आहेत, तरी जुना खिळ्यांचा छाप, पुसट शाई, रफार आणि जोडाक्षरं आली की चुका होतात. आणि अक्षरं बिनचूक मिळाली तरी ‘जरा थांब’मधला ‘ज’ आणि ‘जराजर्जर’मधला ‘ज’ देवनागरीत सारखाच लिहितात. कुठला कसा उच्चारायचा हे मराठी माणसाला न सांगता कळतं, यंत्राला अजून हमखास कळत नाही.

याबद्दल काकू पोटतिडकीनं बोलतात, आणि त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. नवं पुस्तक निघतं तेव्हा ते संगणकावरच तयार झालेलं असतं. त्याच वेळी युनिकोडमधली स्वच्छ फाइल दृष्टिहीन वाचकांसाठी देता आली, तर पुस्तक दुकानात येईल त्याच दिवशी त्यांनाही वाचता येईल. आज त्यांना कुणीतरी वाचून देईपर्यंत थांबावं लागतं. 2011 च्या जनगणनेत देशात दृष्टीचं अपंगत्व असलेले सुमारे 50 लाख लोक नोंदले गेले, त्यातले पाच लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. एवढ्यांच्या वाचनाची भूक सवड काढून वाचणाऱ्या काही माणसांच्या भरवशावर राहू नये.

कायद्याची अडचण पूर्वी होती, आता नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. लक्ष्मीबाई 1936 मध्ये गेल्या, त्यांचं लेखन कधीच मुक्त झालं. माडगूळकर 2001 मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकासाठी पूर्वी परवानगी घेत बसावं लागलं असतं. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून त्यांना देणं, नफा न कमावता, मोकळं झालं. पुढच्याच वर्षी मोरोक्कोतल्या माराकेशमध्ये याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2014 मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. 2016 मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे दृष्टिहीनांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. या सवलतीची दुसरी बाजू काकू काटेकोरपणे सांभाळतात. भाची, शेजारी, जुन्या मैत्रिणी म्हणतात, “आम्हालाही पाठव ना, स्वयंपाक करताना ऐकू.” काकू नाही म्हणतात. ज्यांना डोळे आहेत त्यांनी पुस्तक विकत घ्यावं किंवा वाचनालयातून आणावं. कायद्यानं ज्यांच्यासाठी सवलत दिली आहे त्यांच्याकडेच ही फाइल गेली पाहिजे. यावरून एकदोघी रुसल्याही, पण काकू बधल्या नाहीत.

ध्वनिमुद्रण पहाटे होतं. गल्लीत भाजीवाला यायच्या आत, कुणाच्या घरी कुकर लागायच्या आत. पंखा बंद, खिडक्या बंद, खोलीच्या दोन भिंतींना गोधड्या टांगलेल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. मे महिन्यात या खोलीत बसणं म्हणजे शिक्षाच. पुस्तक स्टँडवर उभं ठेवतात, कारण हातात धरलं की पान उलटताना चुरचुर ऐकू येते. वाचताना जीभ अडखळली की थांबून माइकजवळ एक टाळी वाजवायची आणि ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणायचं. नंतर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा आलेख उघडला की टाळीच्या जागी उंच सुळका दिसतो. तिथे जाऊन बिघडलेलं वाक्य कापून टाकायचं. हे कापाकापीचं काम वाचण्यापेक्षा जास्त वेळ खातं. गणपतीच्या दिवसांत तर माइकला हात लावायची सोय नसते. मग तेव्हा पुढच्या पुस्तकाची पेन्सिल चालते.

पुढचं पुस्तक मात्र कायम पुढचंच राहतं, कारण मधे परीक्षा येतात. कादंबरी थांबू शकते, विद्यापीठाचं वेळापत्रक थांबत नाही. गेल्या हिवाळ्यात ‘बनगरवाडी’ अर्धी ठेवून काकूंनी स्पर्धा परीक्षेला बसलेल्या एका मुलासाठी महाराष्ट्राचा भूगोल वाचला. त्या पुस्तकात कृष्णेच्या खोऱ्याचा नकाशा होता. नकाशा वाचायचा कसा? ‘इथे नकाशा आहे’ एवढं म्हणून पुढे गेलं, तर त्या मुलाचे गुण गेले. काकूंनी कागदावर आधी वाट आखली आणि मग बोलल्या. नकाशाची वरची बाजू उत्तर. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि दक्षिणेकडे निघते. कोयनाही महाबळेश्वरचीच, पण ती पश्चिमेच्या बाजूनं डोंगरातून खाली येते आणि पुढे पूर्वेकडे वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पुढे सांगलीजवळ हरिपूरला उजव्या हातानं वारणा येते. त्याच्या खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. तिथून कृष्णा कर्नाटकात जाते. हरिपूरचा संगम काकूंच्या घरापासून रिक्षानं जाण्याइतका जवळ, वर्षानुवर्षं पाहिलेला. पण कुठली नदी कुठल्या हाताला हे शब्दांत नेमकं मांडताना त्यांनी घरातल्या दोघांना पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली. त्या मुलानं ऐकून आपल्या तळहातावर बोटानं नदी काढली आणि फोनवर उलटी म्हणून दाखवली, खालून वर, एकही संगम न चुकवता.

तक्त्यांचंही असंच. आधी मथळा, मग किती रकाने, कोणकोणते, आणि मग एकेक ओळ, प्रत्येक आकड्याआधी रकान्याचं नाव. वाचणाऱ्याला कंटाळा येतो. ऐकणाऱ्याला मात्र मधूनच उडी मारून हवा तो आकडा गाठता येतो. अभ्यासाच्या पुस्तकांत पानांचे आकडेही म्हणावे लागतात, कारण शिक्षक वर्गात पानाचा आकडा सांगतात. यासाठी डेझी नावाची पद्धत आहे. तिच्यात प्रकरण, उपप्रकरण, पान अशा खुणा पेरलेल्या असतात, त्यामुळे ऐकणारा पुस्तकात हवं तिथे जाऊ शकतो. त्या खुणा बसवण्याचं काम गटातला एक तरुण करतो. तो स्वतः पूर्ण दृष्टिहीन आहे आणि हे काम कानानं आणि कीबोर्डनं करतो.

ऐकणं हे वाचनाची जागा पूर्णपणे घेतं असं मात्र काकू मानत नाहीत. ज्या मुलांनी फक्त ऐकून शिक्षण घेतलं त्यांना ‘दीन’ आणि ‘दिन’ यांतला फरक कुठून कळणार? तो ब्रेलमध्येच कळतो. सहा टिंबांची ही लिपी भारतीय भाषांसाठी 1951 मध्ये एकसारखी ठरवली गेली. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ बोटाला लागतं, वेगळं अक्षर म्हणून. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक 15 फेब्रुवारी 2008 पासून निघू लागलं, हे आपल्यासाठी अभिमानाचं आहे. अडचण एवढीच की ब्रेलची पुस्तकं अवाढव्य होतात. एक मध्यम कादंबरी अनेक जाड खंडांत जाते, छपाई महाग पडते आणि वसतिगृहाच्या खोलीत ती ठेवायची कुठे हा प्रश्न असतो. म्हणून काकूंनी स्वतःपुरता एक उपाय काढला आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी त्या एक छोटी फाइल जोडतात. तिच्यात पुस्तकातली माणसांची, गावांची नावं आणि अवघड शब्द अक्षर फोडून सांगितलेले असतात. ‘स्मृतिचित्रे’च्या त्या फाइलमध्ये पहिलाच शब्द पुस्तकाच्या नावाचा होता: स ला म जोडून, म ला ऋकार, त ला पहिली वेलांटी. बारावीतल्या त्या मुलीनं कळवलं की ही फाइल तिनं सगळ्यांत जास्त वेळा ऐकली.

राहिलं डावीकडचं पुस्तक. ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ मागितली ती बँकेत काम करणाऱ्या एका श्रोत्यानं. काळसेकर कवी, लघुनियतकालिकांच्या चळवळीतले. त्यांच्या या पुस्तकाला 2013 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकांवरचं पुस्तक. काकूंना आधी नवल वाटलं. एवढी कादंबऱ्यांची यादी पडलेली असताना हे का? त्या श्रोत्यानं जे सांगितलं ते काकूंनी घरी येईल त्याला ऐकवलं आहे. तो म्हणाला, “तुम्ही प्रदर्शनात जाता, पुस्तकं चाळता, मागचं पान वाचता, कुणाच्या तरी कपाटात एक नाव दिसतं आणि मनात राहतं. माझ्यापर्यंत कुणी बोलल्याशिवाय पुस्तकाचं नावच येत नाही. मागायचं काय हेच मला माहीत नसतं. ज्यानं आयुष्यभर वाचलंय त्याच्याकडून मला नावं हवी आहेत.”

त्यामुळे या पुस्तकाची तयारी वेगळी चालली आहे. पानोपानी लेखकांची, पुस्तकांची, नियतकालिकांची नावं, देशातली आणि परदेशातली. प्रत्येक नावाचा उच्चार आधी पक्का करायला हवा, नाहीतर ऐकणारा ते नाव चुकीचं शोधत बसेल. काकूंनी वही केली आहे. परदेशी नावांसाठी एका निवृत्त प्राध्यापकांना गाठलं, बंगाली नावांसाठी सांगलीत सोन्याचं काम करणाऱ्या एका बंगाली कारागिराला दुकानात जाऊन विचारलं. तोही खूश झाला. आपल्या भाषेतली नावं इतकी नीट म्हणायची कुणाला तरी पडली आहे याचंच त्याला अप्रूप. शेवटच्या फाइलमध्ये या वेळी सगळ्या पुस्तकांची आणि लेखकांची नावं प्रकरणवार येतील. बँकेतला श्रोता त्यासाठीच थांबला आहे. त्याच्या मागणीचा सुगावा लागताच गोविंद तळवलकरांचं ‘वाचता वाचता’ आणि निरंजन घाटे यांचं ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ ही नावंही गटाच्या यादीत येऊन पडली.

यादीत नव्या पुस्तकांसाठीही धोशा आहे. दृष्टिहीनांना जुनी अभिजात नाहीतर भक्तिपर पुस्तकंच आवडतात, हा समज काकूंना मान्य नाही. पुरस्कार जाहीर झाला, वर्तमानपत्रात नाव आलं की दुसऱ्या दिवशी विचारणा होते. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हापासून चार-पाच जणांनी ते मागितलं आहे. धरणामुळे उठलेल्या माणसांची ही कादंबरी. सांगलीत कृष्णेचं पाणी घरात शिरलेलं 2019 मध्ये ज्यांनी अनुभवलं, वाचनालयातली भिजून फुगलेली पुस्तकं बाहेर काढल्याचं ज्यांनी ऐकलं, त्यांना पाण्यानं उठवलेल्या माणसांबद्दल ऐकायचं असेल तर त्यात नवल नाही.

हे पुस्तक मात्र काकूंनी डावीकडे ठेवलेलं नाही. ‘रिंगाण’ची बोली कोल्हापूरकडची, डोंगरातली. आटपाडीच्या माहेरवाशिणीला ती कानावरून माहीत आहे, जिभेवर नाही. आपण वाचलं तर ठीक होईल, पण त्या भागातल्या माणसानं वाचलं तर पुस्तक जसंच्या तसं पोचेल, असं त्यांनी गटाला कळवलं. शोधाशोध करून पन्हाळा तालुक्यातला एक एसटी कंडक्टर मिळाला आहे. त्याला वाचनाची आवड, आवाज खणखणीत. काकूंनी त्याला फोनवर टाळीची युक्ती समजावली, गोधड्या टांगायला सांगितल्या, पुस्तक हातात धरू नकोस म्हणून बजावलं. तो ड्यूटी संपवून रात्री वाचणार आहे. पहिल्या दहा पानांचा नमुना या आठवड्यात यायचा आहे. तो ऐकून कुठे वेग कमी हवा, कुठे नाव पुन्हा म्हणायला हवं, हे काकू त्याला कळवतील.